कोपऱ्यातला दोरा

प्रिय आई,

हे पत्र तुला कुणीतरी वाचून दाखवणार, म्हणून आधी वाचणाऱ्यासाठी दोन गोष्टी. मी कागदाच्या एकाच बाजूला लिहिलंय, अक्षर मोठं काढलंय आणि पानं टाचलेली नाहीत. एका हाताने एकेक पान उचलून बाजूला ठेवता येईल. दुसरी गोष्ट, आईला मध्येच थांबवून "परत वाच" म्हणायची सवय आहे. तिला म्हणू द्यावं. या पत्राची नक्कल मी ठेवली आहे आणि तिच्यावर तारीख घातली आहे. पाकीट पेटीत टाकल्यावर ते फटीत अडकलं तर नाही ना, हे मी बोट घालून बघणार, हे तुला सांगायला नको. मी शाळेत असल्यापासून तू म्हणतेस, ही कुलूप लावते, ओढून बघते, चार पायऱ्या उतरते आणि परत ओढायला वर येते. अजून तशीच आहे.

तू म्हणशील, फोन काय शोभेला घेतलाय? रविवारी बोललो तेव्हा मी विषय काढला होता. गुरुवारच्या चौकशीत तुला तुझा जबाब दाखवतील, त्यात काय लिहिलंय ते तुला माहीत आहे का, असं विचारलं. तू म्हणालीस, "माझंच बोलणं, मला नाही माहीत होय?" मी पुढे बोलणार तेवढ्यात "जाऊ दे गं, पाण्यात राहून माशाशी वैर नको" म्हणालीस आणि जिन्यातल्या दिव्याबद्दल सांगायला लागलीस, तो कसा महिनाभर बंद आहे आणि कुणालाच कसं त्याचं सोयरसुतक नाही. फोनवर तू मला असं गप्प करू शकतेस. पत्राला करता येणार नाही.

आधी मी इथे काय करते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तू लाँड्रीत सगळ्यांना सांगतेस की माझी मुलगी पुस्तकांत रंग भरते. मॅनेजरने त्यावर विचारलं होतं म्हणे, घराण्यात पहिल्यांदा कुणी एवढं शिकलं आणि शेवटी बालवाडीतच जाऊन बसली का? सगळे हसले, तूही हसलीस. पण तू सांगतेस ते खरंच आहे. मी लेख घेऊन बसते आणि एकमेकांशी नातं असलेले शब्द शोधते. नदी, पूर, काठ, होडी, हे एका घरचे. त्यांना एक रंग. दुकान, गिऱ्हाईक, वजन, माप, हे दुसऱ्या घरचे. त्यांना दुसरा. सगळे रंग भरून झाले की पान हातभर लांब धरायचं. मग न वाचताही दिसतं की कुठली साखळी कुठून निघाली, कुठवर चालली, कुठे तुटली. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या साखळ्या एकात एक अडकलेल्या असतात. एक संपत आली की दुसरी तिचं बोट धरून पुढे जाते. सगळ्या एकाच ओळीत तुटल्या आणि भलत्याच सुरू झाल्या, तर तिथे शिवण आहे. लिहिणाऱ्याने विषय बदललाय, किंवा लिहिणाराच बदललाय.

हे मी विद्यापीठात शिकले असं माझ्या मार्गदर्शक बाईंना वाटतं. मी शिकले ते तुमच्या लाँड्रीत, मळक्या चादरींच्या पोत्यावर बसून. शाळा सुटली की मी मागच्या दाराने यायचे. इस्पितळाच्या सगळ्या चादरी पांढऱ्या, पण प्रत्येकीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे चार टाके असायचे. लाल म्हणजे लहान मुलांचा वॉर्ड, निळा शस्त्रक्रियेचा, हिरवा बाळंतिणींचा. धुऊन आल्या की ढिगातून चादर ओढायची, कोपरा शोधायचा आणि ज्याची त्याची चवड लावायची. पहिल्या दिवशी मी चादरीच्या मधोमध बघत बसले होते. तेव्हा आपल्या समोरच्या दारातली मावशी, तुझ्याशेजारी चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवर काम करणारी, म्हणाली, "अगं बये, मधे काय बघतेस? मधे सगळ्या सारख्याच. कोपरा बघ. कोपऱ्याला खोटं बोलता येत नाही." बाईंना मी हे एकदा सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, याला संदर्भ कुणाचा द्यायचा?

मावशी आठवीपर्यंत शिकलेली, म्हणून आपल्या दोन्ही घरांचं वाचन तिच्याकडे. विजेचं बिल ती असं वाचायची की जणू कुणी तुझ्यावर जीव टाकून लिहिलंय. "मागील थकबाकी शून्य" म्हणताना गळा भरून आणायची. माझं प्रगतिपुस्तकही तीच वाचायची. एकदा त्यात शेरा होता, मुलगी फार प्रश्न विचारते. मावशी तुला म्हणाली, "चला, म्हणजे तुझ्यावर गेली नाही." तू तिला ओला टॉवेल फेकून मारलास. तुमच्या दोन दारांमधलं अंतर चार पावलांचं, आणि ती दारं दिवसा कधी लागलेली मला आठवत नाहीत. गेले सात महिने ती लागलेली आहेत. तुझं म्हणणं, हात गेल्यापासून तिचा स्वभाव फिरला. तुझा हात शाबूत राहिला हे तिला बघवत नाही.

आई, तसं नाहीये.

त्या सोमवारी तू मला फोन केला होतास. तू फोनवर सांगतेस ते मी वहीत उतरवून ठेवते, हे तुला माहीत नाही. वसतिगृहात आले तेव्हा एकटं वाटायचं म्हणून सुरू केलं, मग सवयच झाली. त्या दिवशीचं पान माझ्यासमोर आहे. तू म्हणालीस, ट्रक दारात उभा होता, सुपरवायझर घड्याळ दाखवत ओरडत होता, ओल्या चादरी तशाच रोलरवर घ्यायला लावत होता. रोलरपुढची जाळी फिटरने पंधरा दिवसांपूर्वी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, चादरी तिच्यात अडकतात आणि वेळ जातो म्हणून. मावशी घाईत होती. चादरीचा कोपरा दुमडला, तो सरळ करायला तिने हात घातला. पुढचं तू सांगू शकली नाहीस. मग म्हणालीस, फरशीवर इतकं पाणी ओतलं तरी ते जाईना.

त्याच आठवड्यात ऑफिसात बोलावून तुमचे जबाब घेतले. कारकुनाने शाईचा डबा पुढे केला आणि तू म्हणालीस, मला सही येते. तो म्हणाला, वा. तू केलीस. कलेक्टराच्या ऐटीत केलीस, असं तूच हसत सांगितलंस. आई, अंगठा घेताना त्यांना कागद मोठ्याने वाचून दाखवावा लागतो आणि खाली लिहावं लागतं, "वाचून दाखवले, कबूल आहे." सही करणाऱ्याला कुणी वाचून दाखवत नाही. सही येते म्हणजे वाचता येतं असं धरून चालतात. आणि तुला नेहमी वाचून दाखवणारी त्या दिवशी इस्पितळात होती.

ती सही तुला मी शिकवली. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता आणि खिडकीपाशी सगळ्यांसमोर तू अंगठा उठवशील याची मला लाज वाटत होती. तेव्हा मी सांगितलं होतं की हे तुझ्या भल्यासाठी आहे. ते खोटं होतं. पंधरा दिवस तू लाँड्रीच्या वाफाळलेल्या काचेवर बोटाने नाव गिरवलंस, आणि चौथं अक्षर जमलं तेव्हा मावशीने सगळ्यांना बोलावून ती काच दाखवली. तुला वाचायला शिकवायचं मी पुढच्या सुट्टीवर टाकलं. मग त्याच्या पुढच्या. तुझ्या हातात मी दाराची किल्ली दिली आणि दार कुठे उघडतं ते सांगितलं नाही. हे मी कुणाच्या माथी मारणार नाही. हे माझं आहे.

तीन महिन्यांपूर्वी घरी आले तेव्हा तू डब्यातून जबाबाची प्रत काढलीस, माझ्या दाखल्यांबरोबर ठेवायला. "बघ, सही कशी सरळ आली." मी सही पाहिली, मग वरचं वाचलं आणि डबा बंद केला. तू चहा टाकायला गेलीस. मी बोलले नाही, कारण मला खात्री नव्हती आणि खात्रीशिवाय बोलणं मला जमत नाही. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. आता पुढे उतरवते आहे ते तुझ्या जबाबातल्या तिसऱ्या परिच्छेदातलं आहे. वाचणाऱ्याला माझी हात जोडून विनंती, इथे थांबू नये.

"ती घाईत होती. सदर कामगार महिलेने वारंवार सूचना देऊनही यंत्राचे सुरक्षा आवरण स्वतः काढून ठेवले होते. नियमांचे उल्लंघन व निष्काळजीपणा यांमुळे सदर घटना घडली असून तिची संपूर्ण जबाबदारी तिचीच आहे."

याच्या खाली तुझी सही आहे. मावशीला कामावरून काढल्याचं जे पत्र गेलं, त्याची प्रत मी चौकशीच्या कागदांत पाहिली. त्यात हेच शब्द आहेत, आणि ते कुणी सांगितले याच्यापुढे तुझं नाव आहे. ती सात महिने दार का उघडत नाही, ते हे.

आता मी काय केलं ते ऐक. कारकुनाने तुझं बोलणं कागदी भाषेत घातलं, ते सगळेच करतात, त्यावरून काही म्हणता येत नाही. चादर "सदर चादर" झाली तरी चादरच राहते. म्हणून मी भाषा बघितली नाही, साखळ्या बघितल्या. पहिल्या दोन परिच्छेदांत चादर, रोलर, वाफ, पट्टा एका रंगात चालतात. ट्रक, वेळ, घड्याळ, घाई दुसऱ्या रंगात. दोन्ही एकमेकींना धरून. "ती घाईत होती" या वाक्यापाशी दोन्ही एकदम तुटतात. पुढे सूचना, नियम, उल्लंघन, निष्काळजीपणा, जबाबदारी. हा रंग आधी कुठे नाही, नंतरही कुठे नाही. चौथ्या परिच्छेदात परत चादर, रक्त, पाणी, फरशी. तुझे रंग जिथे सुटले होते तिथूनच पुढे चालू. मधला तुकडा काढून टाकला तर गोष्ट सलग जोडली जाते. तुमच्या रफू करणाऱ्या टेबलावर याला ठिगळ म्हणतात. आणि एक बघ. तू जाळीबद्दल बोलतेस तेव्हा तिला भिंतीला टेकवतेस, फिटरला आणतेस, पंधरा दिवस मोजतेस. या ठिगळात आवरण काढलं जातं, पण कधी, आणि काढून ठेवलं कुठे, याचा पत्ताच नाही.

एकट्या तुझ्या कागदावर मी विसंबले नाही. तुझ्याबरोबर जबाब दिलेल्या तिघींच्या घरी गेले, प्रती मागून घेतल्या. एकीने ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून गादीखाली जपली होती. चारही जबाबांत हेच ठिगळ आहे, शब्दांचा क्रमही हाच. त्यातली एक वाळवणीच्या खोलीत काम करते, जिथून रोलर दिसतच नाही. तिनेही म्हणे सूचना देताना ऐकलं आणि आवरण काढताना पाहिलं. मग तुझा जबाब मी नावं झाकून तिघांना दिला, कशाचा काय ते न सांगता. माझ्या खोलीतली मैत्रीण, ग्रंथालयातले काका आणि खाली झेरॉक्स काढणारी मुलगी. शिवण कुठे वाटते तिथे रेघ मारा, एवढंच सांगितलं. दोघींनी माझ्याच जागी मारली. काकांनी एक वाक्य वर मारली. म्हणजे "ती घाईत होती" हे वाक्यही ठिगळात धरलं. तेही मी अहवालात लिहिलंय.

कारण त्या वाक्यात काकांची चूक झाली आहे. ते वाक्य तुझं आहे, आई. माझ्या वहीत आहे. ते मी तुझ्या नावावरून पुसणार नाही, मला सोयीचं झालं असतं तरी. पण तू बोललीस तेव्हा त्या घाईच्या आधी ट्रक होता आणि सुपरवायझरचं घड्याळ होतं. घाई त्यांची होती, मावशीच्या अंगावर टाकलेली. त्यांनी तुझं खरं वाक्य घेतलं आणि त्याला आपलं खोटं शिवलं. कोपरा तुझा, चादर त्यांची.

बाईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे तंत्र जुने ग्रंथ समजून घ्यायला आहे, घरचे वाद मिटवायला नाही. आईचा जबाब मुलीने तपासला तर कोण मानेल? आणि पुढे तुला इथेच काम करायचं आहे ना?  मी म्हणाले, तंत्र चुकलं असेल तर चूक दाखवा, मी कागद फाडते. चूक नसेल तर ते ग्रंथाला लागू होतं आणि माझ्या आईला होत नाही, असं कुठे लिहिलंय तेवढं दाखवा. त्यांनी अहवाल ठेवून घेतला. चार दिवसांनी तो परत दिला. दोन ठिकाणी "सिद्ध होते" खोडून "दिसते" केलं होतं, आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं, पाठव. त्या दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या. ठिगळ कुणी लावलं हे माझ्या रंगांना सांगता येत नाही. ठिगळ आहे, एवढंच सांगता येतं. तेवढं मी माझ्या नावानिशी, माझ्या पत्त्यानिशी चौकशी अधिकाऱ्यांकडे पाठवलंय. सोबत वहीच्या पानांची नक्कल. अपघाताच्या बारा दिवस आधीचंही एक पान आहे, ज्यात तू म्हणतेस, जाळी काढल्यापासून वाफेचा चटका फार बसतो.

तेव्हा मॅनेजरला कळायचं ते कळलंय. परवा तो तुला म्हणाला ना, मुलीला शिकवलंत ती उलटायलाच का? त्याला सांग, हो. नुसती सही करायला एक शिकली होती, तिचं काय झालं ते पाहिलं आम्ही. तू म्हणशील, अळीमिळी गुपचिळी, कशाला विषाची परीक्षा. पण मावशीच्या जागी रोलरवर आता कोण उभं राहतं? तू. जाळी कुठे आहे? भिंतीला. गुरुवारी चूक मावशीची ठरली की ती जाळी तिथेच राहणार, कारण मग जाळीने कुणाचं काय बिघडवलं? तू मला गप्प राहायला सांगतेस आणि स्वतःचे दोन्ही हात त्या यंत्रापुढे धरतेस. हे मी ऐकणार नाही. आयुष्यभर तुझं ऐकलं, हे ऐकणार नाही.

गुरुवारी तुला मोठं भाषण करायचं नाही. अधिकारी कागद पुढे करून विचारतील, हा जबाब तुमचाच का? तू हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. म्हणायचं, "मला वाचता येत नाही, आधी वाचून दाखवा." सगळ्यांसमोर म्हणायचं. लाज वाटेल. मला त्या खिडकीपाशी वाटली होती तशीच वाटेल, आणि या वेळी मी तुझ्या शेजारी उभी असेन, बुधवारच्या बसने येतेय. वाचून झालं की यातलं तुझं कुठलं आणि कुठलं नाही, ते तू सांगायचं. चादरी तशा आयुष्यभर निवडल्यास. ही शेवटची चवड.

हे फोनवर सांगता आलं नसतं, कारण फोन फक्त तुझ्याकडे येतो. पत्राला वाचणारं माणूस लागतं. पाकिटावर मी पत्ता समोरच्या दाराचा घातला आहे, आई. मावशी, म्हणजे हे तुझ्या हातात आहे, डाव्या, आणि "प्रिय आई" वाचूनही तू ते खाली ठेवलं नाहीस. मी सुट्टीत तुझ्या दारापर्यंत आले होते, दोनदा, आणि वाजवायचा धीर झाला नाही. तुझ्याविरुद्ध लिहिलेलं तुझ्याच तोंडून वाचून घेतलं, त्याची शिक्षा तू सांगशील ती. पण आईला दुसऱ्या कुणाचं वाचलेलं खरं वाटणार नाही, आणि तुला दुसऱ्या कुणाचं सांगितलेलं. तू वाचत असताना तिचा चेहरा बघितला असशील, तर मला आणखी काही लिहायचं नाही. आणि जर तू हे सगळं तुझ्या खोलीत एकटीने, मनातल्या मनात वाचलं असशील, तर आता उठ. पानं परत लावून घे, चार पावलं चाल, समोरचं दार वाजव, आणि पहिल्या पानापासून सुरू कर. मोठ्याने.

तुझीच, आणि वाचून दाखवणारीचीही,
कुलूप दोनदा ओढून बघणारी